शेत कोण चालवतं?

ऐन तूता गावात अंजिराच्या बाबतीत शेवटचा शब्द दलेंदाचा, हे गावातल्या गाढवांनाही ठाऊक होतं.

जूनमध्ये नर अंजिरांच्या माळा ओवून मादी झाडांवर टांगायच्या असतात. त्या नर अंजिराला आमच्याकडे दोक्कार म्हणतात. त्याच्या पोटात मोहरीहून बारक्या माश्या असतात. त्या बाहेर पडून मादी फळात शिरल्या तर अंजीर धरतं, नाहीतर हिरवंच गळून जातं. माळ चार दिवस आधी टांगली तरी वर्ष हातचं गेलं, चार दिवस उशिरा टांगली तरी गेलं. त्यामुळे जून लागला की सगळ्या उताराचे डोळे दलेंदाकडे लागत. ती रोज पहाटे डोंगरउतारावरच्या आपल्या तालींवरून फिरायची, फळ चिमटीत धरून बघायची, एखादं दातानं फोडायची. एके दिवशी घरी येऊन म्हणायची, "उद्या." की संध्याकाळपर्यंत गावभर शिड्या बाहेर निघत.

ती एकोणीस वर्षांची असताना तिच्या बापाची, खमायसची, दृष्टी गेली. भाऊ हेदी तेव्हा चौदाचा. त्याला शाळेसाठी ट्यूनिसला मामाकडे पाठवलं आणि तो तिकडचाच झाला. आता त्याचं तिथं टायरचं दुकान होतं. दलेंदाला दोन स्थळं आली होती. दोन्ही वेळा तिनं विचारलं, "मी गेल्यावर माळा कोण टांगणार?" पहिल्यानं उत्तर दिलं नाही. दुसऱ्यानं दिलं, पण ते तिला पटलं नाही. आई वारली. पुढं पस्तीस वर्षं ती, आंधळा बाप आणि अंजिराची दोनशे दहा झाडं, असा संसार चालला.

दोन वर्षांपूर्वी शेतकी शिकणारी सिवार नावाची मुलगी फॉर्म घेऊन आली होती. डोंगरातल्या चाळीस छोट्या शेतांची पाहणी चालली होती, आणि फॉर्मात त्रेसष्ट प्रश्न होते. दलेंदा भट्टीतून भाकरी काढायला आत गेली होती, तेवढ्यात सिवारनं अंगणात पहिला प्रश्न विचारला, "शेत कोण चालवतं?" खुर्चीवर बसलेला खमायस म्हणाला, "माझा मुलगा, हेदी." मग दलेंदा गरम भाकरी आणि तेलाची वाटी घेऊन आली आणि उरलेल्या बासष्ट प्रश्नांची उत्तरं तिनं दिली. पाणी कसं वाटता, छाटणी कधी, कोणतं झाड काढून टाकलं आणि का, वाळवणीला कोणती फळं, बाजाराला कोणती. मुलगी लिहिता लिहिता चार भाकऱ्या खाऊन गेली.

या ऑक्टोबरात, अंजीर संपून जैतुनाची तोडणी सुरू व्हायच्या आधी, पोस्टमननं एक जाड पाकीट आणलं. बिझर्त शहरात शेती व्यवस्थापनाची मोठी परिषद भरणार होती, बाहेरदेशचेही लोक येणार होते. चाळीस शेतांमधून सगळ्यात उत्तम चालवलेलं शेत म्हणून ऐन तूताच्या एका शेताचा सन्मान होणार होता. शेतप्रमुखानं येऊन दहा मिनिटं बोलावं अशी विनंती होती. पाकिटावर नाव होतं, श्री. हेदी बिन खमायस.

दलेंदानं पत्र दोनदा वाचलं. मग बापाला विचारलं.

"मीच सांगितलं होतं त्या पोरीला," खमायस म्हणाला. "परक्या माणसाला बाईचं नाव कसं सांगायचं? हसतील लोक."

"कोणाला हसतील?"

"मला."

दलेंदानं हेदीला फोन लावला. त्याला परिषदेकडून आधीच कळलं होतं. नवे बूटसुद्धा घेऊन झाले होते.

"बरं झालं तूच फोन केलास," तो म्हणाला. "त्या माळा नक्की कोणत्या तारखेला टांगतेस तेवढं सांग. लिहून घेतो."

"त्याला तारीख नसते."

"मग काय असतं?"

"झाड बघावं लागतं."

"आता मी टायरच्या दुकानातून झाड कसं बघू?"

"तेच म्हणतेय मी."

हेदी हसला. "हे बघ, दहा मिनिटांचा प्रश्न आहे. बाबांना बरं वाटेल. घराण्याचंच नाव होणार ना, माझं काय नि तुझं काय?"

"मग माझंच होऊ दे. मी येतेय बिझर्तला."

"तुला तिथं कोण ओळखतं?"

"तुला ओळखतात?"

तिनं फोन ठेवला. बापासाठी शेजारणीला सांगून ठेवलं, पिशवीत डबाभर बसीसा घेतली. ही आमची सातूसारखी पूड, तेलात कालवली की दिवसभराची सोय. परिषदेच्या दिवशी उजाडायच्या आत ती डोंगरावरून बेजा शहराला उतरली आणि तिथून बिझर्तच्या वडापच्या गाडीत बसली.

परिषद समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात होती. दारातल्या टेबलावरच्या मुलीनं यादी वरपासून खालपर्यंत बघितली.

"मावशी, तुमचं नाव नाही यात."

"ऐन तूताचं शेत आहे ना?"

"आहे. हेदी बिन खमायस. पण ते तर मघाशीच आले."

तेवढ्यात हेदी मागून आला. कोट, टाय, छातीवर निळं ओळखपत्र. दलेंदाला बघून त्याचा चेहरा उतरला, पण त्यानं तो लगेच सावरला.

"ही माझी बहीण," तो मुलीला म्हणाला. "माझ्यासोबत आलीय."

मुलीला हायसं वाटलं. तिनं पिवळं ओळखपत्र काढलं. त्यावर छापलं होतं, 'सोबतचे पाहुणे'. दलेंदाच्या गळ्यात ते घालताना हेदी कानाशी म्हणाला, "इथं तमाशा नको. माझं भाषण दुपारी आहे. तोवर बाहेर बस लागलीय, ती बागा बघायला नेते. तुला आवडतील. बघून ये, मग बोलू."

बागा म्हटल्यावर ती गेली. दुसऱ्याची छाटणी बघायला मिळाली तर ती वाकडी वाट करूनही जायची, हे हेदीला चांगलं माहीत होतं.

बसमध्ये सगळ्या पिवळ्या कार्डवाल्या बायका होत्या आणि एक म्हातारे गृहस्थ, बायको परिषदेत बोलणार म्हणून आलेले. बस शहर ओलांडून कालव्यावरच्या मोठ्या पुलाशी आली आणि थांबली. जहाज येत होतं, पुलाचा मधला भाग उचलला जात होता. गाड्यांची रांग लागली. वाट दाखवायला आलेल्या तरुणानं वेळ घालवायला दिवसाचा बेत सांगितला: आधी मडकी, मग किनाऱ्यावर मासळीचं जेवण, मग खरेदी.

"आणि बागा?" दलेंदानं विचारलं.

"कसल्या बागा, मावशी?"

"या बसनं बागा बघायला जायचंय ना?"

"बागा नाहीत यात. परतायला संध्याकाळ होईल. पण मडकी फार सुंदर असतात."

दलेंदा उठली. "भाषणं किती वाजता आहेत? हॉटेलातली."

त्यानं कागद बघितला. "शेतकऱ्यांची सकाळच्याच सत्रात आहेत. अकरा वाजता."

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. "दार उघड," दलेंदा म्हणाली.

"असं मध्येच उतरता येत नाही. तुमची जबाबदारी माझ्यावर आहे."

"माझी जबाबदारी घेणारा तू पहिलाच भेटलास. दार उघड, बाळा."

चालकानं आरशात तिच्याकडे बघितलं आणि बटण दाबलं.

मागं हॉटेलपर्यंत चांगलं चार किलोमीटर होतं. तिनं स्कार्फची गाठ आवळली आणि चालू लागली. टॅक्सी तिच्या डोक्यातही आली नाही. जुन्या बंदरापाशी होड्या रंगवणाऱ्या एकानं विचारलं, "कुणी मागं लागलंय काय?" ती न थांबता म्हणाली, "मीच एकाच्या मागं लागलेय." राग चालण्यात मुरत गेला तसा तिला एक प्रश्न सतावू लागला. तिथं जाऊन आपण म्हणणार काय? भाऊ खोटारडा आहे म्हणणार? चारचौघांत? हेदीला तिनं पाठीवर घेऊन तालींवरून फिरवलं होतं. पण मग तो तिथं जे सांगणार होता, ती छाटणी, ते पाणी, ती पस्तीस वर्षं, ती कोणाच्या पाठीवरून आली होती?

सभागृहाच्या दाराशी उभ्या माणसानं पिवळं कार्ड बघून हात आडवा केला. "सोबतच्यांना आत नाही, मावशी."

तिनं कार्ड गळ्यातून काढून त्याच्या हातात ठेवलं आणि आत गेली. त्याला काय करावं ते कळेना, तो कार्ड हातात धरून उभा राहिला.

हेदी बोलत होता. आवाज चांगला होता त्याचा, लहानपणापासून होता. मागच्या मोठ्या पडद्यावर तिच्या तालींचे फोटो येत होते. वरच्या तालीवरचं वाकडं झाड दिसलं तेव्हा हेदी म्हणाला, "ही आमची पिढीजात मेहनत." दलेंदा मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. लोकांच्या कानांवर यंत्रं होती, काचेच्या खोलीतून कोणीतरी भाषांतर करत होतं. टाळ्या झाल्या. मंचावर हेदीच्या शेजारी बसलेले डॉक्टर मोंधर म्हणाले, "कोणाला काही विचारायचंय?" पाहणीचे प्रमुख तेच.

तिसऱ्या रांगेतून एक म्हातारा उठला. त्यानं आपली ओळख सांगितली: अक्ली, अल्जीरियाच्या डोंगरातला अंजीरवाला. त्याच्या कानावर यंत्र नव्हतं.

"तीन वर्षांपूर्वी वसंतातच उन्हाळा लागला," तो म्हणाला. "दोक्कार पंधरा दिवस आधी पिकला. माश्या उडून गेल्या आणि मादी झाडं अजून तयारच नव्हती. आमचं निम्मं पीक गळालं. तुमच्याकडेही तेच ऊन होतं, पण पडद्यावर दिसतंय की तुमचं पीक भरून आलं. तुम्ही काय केलंत?"

हेदीनं पाण्याचा घोट घेतला. "आम्ही वेळेवर औषध फवारलं."

अंजीरवाल्यांच्या रांगांतून कुजबुज झाली. अक्ली शांतपणे म्हणाला, "औषधानं माशी मरते, बाळा. आपल्याला ती जिवंत हवी असते."

हेदीनं कागद उलटा केला, सुलटा केला. दलेंदानं भिंतीची टेक सोडली. मग म्हणाली, "फवारलं नव्हतं."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"आपण कोण?" डॉक्टर मोंधरनी विचारलं.

"या श्रीमानांच्या सोबत आलेली, असं तुमच्या दारातली मुलगी म्हणते. कोण कोणाच्या सोबत आलंय ते आता कळेल." ती मधल्या वाटेनं पुढं आली आणि अक्लीपाशी थांबली. मंचाकडे तिनं पाहिलंच नाही. "सी अक्ली, आमच्या डोंगराच्या पाठीला, आमच्याहून उंचावर एक वस्ती आहे. तिथं सगळं उशिरा पिकतं. आमची माशी उडाली तेव्हा त्यांचा दोक्कार अजून हिरवा होता. मी तो मागायला गेले."

"दिला त्यांनी?"

"आमचं त्यांचं झऱ्याच्या पाण्यावरून आजोबांपासून वाकडं. त्यांनी विचारलं, बदल्यात काय देतेस? मी ऑगस्टमधली माझी पाण्याची पाळी दिली. पहाटे गार असताना ओल्या फडक्यात बांधून गाढवावरून चार खेपा केल्या. ऊन चढायच्या आत आणायचं, नाहीतर माशी वाटेतच बाहेर पडते. मी गावालाही दिला, फुकट."

"आणि ऑगस्टात झाडं?"

"तहानलेली राहिली, पानं झडली. तहान झाडं सोसतात. माशी गेली तर पुढं सोसायला काही उरत नाही."

अक्ली हसला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरची आपली टोपी उचलली. "बसा, लल्ला." पुरुषाला सी, तशी बाईला लल्ला, ही आमच्याकडची मानाची हाक. काचेच्या खोलीतला भाषांतर करणारा पाणीपाळीला शब्द शोधत अजून अडखळतच होता.

डॉक्टर मोंधर सज्जन माणूस होते. त्यांनी घसा साफ केला. "म्हणजे हे सगळ्या घराचं यश आहे. आपण मानपत्र 'हेदी आणि कुटुंबीय' असं देऊ. चालेल?"

दलेंदा बसली नव्हती. "कुटुंबीय म्हणजे कोण? आमच्या घरात मी आहे, माझे वडील आहेत आणि एक गाढवीण आहे. त्यातलं शेत कोण चालवतं तेवढं लिहा."

हशा झाला. हेदी मंचावरून म्हणाला, "दलेंदा, पुरे. सगळ्यांसमोर?"

"तू सगळ्यांसमोर बोललास, हेदी. मी कोपऱ्यात उत्तर कुठं देऊ?"

"पण पाहणीत जे नाव आलं तेच आम्ही..." डॉक्टर मोंधर म्हणाले.

तेव्हा कडेच्या रांगेतून सिवार उठली. तिचे कान लाल झाले होते. "सर, चूक माझी आहे. पहिला प्रश्न मी विचारला तेव्हा मावशी भाकरी काढायला आत गेल्या होत्या. पुढचं सगळं त्याच सांगत होत्या. मला तेव्हाच कळलं होतं. पहिला प्रश्न परत विचारायला हवा होता, नाही विचारला."

"मग आता विचार," दलेंदा म्हणाली.

"आत्ता?"

"फॉर्म आहे ना तुझ्याकडे?"

सिवारनं लॅपटॉप उघडला. फॉर्म शोधून काढला. मग ती वर बघून म्हणाली, "शेत कोण चालवतं?"

"मी. दलेंदा बिन्त खमायस."

"बाकीचा फॉर्म पुन्हा भरावा लागेल का, सर?" सिवारनं विचारलं.

"नको," दलेंदाच म्हणाली. "बाकीची बासष्ट उत्तरं माझीच आहेत."

छापलेलं मानपत्र त्या दिवशी कोणालाच दिलं गेलं नाही. डॉक्टर मोंधर म्हणाले, दुसरं छापायला वेळ लागेल. दलेंदा म्हणाली, लागू दे. दुपारी ती अक्लीच्या टेबलावर जेवली आणि संध्याकाळपर्यंत सगळी भाषणं ऐकली. दोन तिला पटली, एका माणसाच्या छाटणीच्या आकृतीवर तिनं हात वर करून हरकत घेतली. दाराशी उभ्या माणसानं तोवर तिला कुठूनतरी निळं कार्ड आणून दिलं होतं. त्यावर नावाची जागा कोरी होती, ती तिनं पेनानं भरली.

हेदी आपल्या गाडीपाशी भेटला. टाय सोडून खिशात कोंबला होता.

"माझ्या बायकोनं सगळ्या माहेरी सांगून ठेवलंय," तो म्हणाला. "पोरांना काय सांगू आता?"

"सांग, आत्या बोलली."

"तू मला लाज आणलीस."

"मला मडकी बघायला पाठवलंस तेव्हा तुला आली नाही?"

त्यानं मान फिरवली. मग म्हणाला, "तुला बेजापर्यंत सोडू?"

"नको. परतीची गाडी मला माहीत आहे."

तो गेला. पुढं पाच महिने त्याचा फोन आला नाही, आणि तिनंही केला नाही. रडू आलं ते तिला वडापच्या गाडीत आलं, मातूरच्या पुढं, आणि तेही थोडंच. शेजारच्या बाईनं संत्रं सोलून दिलं, ते तिनं खाल्लं.

नवं मानपत्र डिसेंबरात आलं. खमायस शेकोटीपाशी बसला होता. तो म्हणाला, "वाच." तिनं वाचलं. आपलं नाव वाचताना आवाज मुद्दाम चढवला नाही, उतरवलाही नाही.

"आता गाव काय म्हणेल?" तो म्हणाला.

"गाव पस्तीस वर्षं म्हणतंय, बाबा. तुम्हीच ऐकत नव्हता." ती त्याच्यासमोर बसली. "अजून एक आहे. जमिनीच्या कागदावर मला माझं नाव हवंय. निम्म्या तालींवर. तुम्ही असताना."

म्हाताऱ्यानं काठी चाचपली. "तुझ्यामागं कोणी नाही. कागद कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"आणि हेदी?"

"त्याचं निम्मं त्याला. मी त्याच्यातलं एक झाड मागत नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर येत्या जूनला माळा कधी टांगायच्या, ते हेदीला विचारा."

खमायसनं काठी या हातातून त्या हातात घेतली. ही पोर कधी पोकळ धमकी देत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही धड बोलला नाही. शेजारणीला म्हणाला, माझी मुलगी बिझर्तचं वारं लागून आलीय. शेजारीण म्हणाली, "वारं कसलं, सी खमायस, ती पहिल्यापासून अशीच आहे." रविवारी त्यानं विचारलं, नोटरी किती वाजता उघडतो.

सोमवारी ती त्याला तेबोर्सूक गावी नोटरीकडे घेऊन गेली. नोटरीनं दस्त वाचून दाखवला: झऱ्याच्या बाजूच्या सहा ताली, एकशे पाच झाडं, दलेंदा बिन्त खमायस हिला. मग नियमाप्रमाणे विचारलं, "हे तुम्ही राजीखुशीनं देताय ना?"

"खुशीचं विचारू नका," खमायस म्हणाला. "तिचं आहे, म्हणून देतोय. तसं लिहा."

"तसं लिहिता येत नाही, सी खमायस. राजीखुशी लिहावं लागतं."

म्हाताऱ्यानं थोडा विचार केला. "मग राजी लिहा. खुशीला वेळ लागेल."

नोटरी दलेंदाकडे बघू लागला. तिनं शाईची डबी पुढं ओढली, बापाचा अंगठा धरला आणि कागदावर टेकवला.